पूर्वेचं दार

माणसं थोडी होती आणि लांब लांब विखुरलेली होती. कोणी मेळघाटाच्या पायथ्याशी शाळा चालवत होतं. कोणी गावातला दारूचा गुत्ता उठावा म्हणून बायकांबरोबर उन्हात बसत होतं. कोणी गावोगाव फिरून बांधाचे तंटे मिटवत होतं. त्यांच्या मंडळाला पाटी नव्हती, वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. गांधीजी गेल्यावर मार्च १९४८ मध्ये देशभरचे कार्यकर्ते सेवाग्रामला जमले आणि सर्वोदय समाज उभा राहिला, तेव्हाही असंच ठरलं होतं. जो स्वतःला यातला मानतो तो यातला. तेवढ्या एका धाग्यावर ही माणसं एकमेकांची होती.

वर्षातून एकदा मात्र ती भेटत. पवनारपासून दोन कोसांवर एक खेडं होतं. तिथे एका जुन्या गोशाळेची लांबच लांब ओसरी होती. फेब्रुवारीची नऊ, दहा आणि अकरा तारीख सगळे त्या ओसरीवर राहत आणि बाराच्या पहाटे चालत धाम नदीवर जात. १९४८ साली त्याच तारखेला गांधीजींच्या अस्थी तिथे पाण्यात सोडल्या होत्या. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी नदीकाठी मेळा भरे आणि माणसं आपल्या हाताने कातलेल्या सुताची एकेक गुंडी वाहत. एक गुंडी म्हणजे ६४० तार, आणि एक तार म्हणजे चार फूट. कातणाऱ्याला ते आकडे पाठ असतात, कारण त्यातला प्रत्येक तार त्याच्या बोटांतून गेलेला असतो.

हे तीन दिवस इतकी वर्षं माई सांभाळत होत्या. मग त्यांचे गुडघे धरले. १९८४ च्या संक्रांतीला त्यांनी एका मुलीला बोलावून घेतलं. मुलगी चोवीस वर्षांची होती. नागपुरात शिकली होती आणि दोन वर्षांपासून एका खेड्यात काम करत होती.

"यंदा तू बघ," माई म्हणाल्या.

त्यांनी तिला तीन वस्तू दिल्या. पत्र्याच्या पेटीची किल्ली, एक पितळी घंगाळ आणि एक वही. घंगाळ भलं मोठं होतं, दोन बाजूंना दोन कड्या होत्या. रिकामं असलं तर एकट्याने उचलता येई, भरल्यावर नाही.

मुलीने वही उघडली. आत भाषणांचे विषय असतील, वक्त्यांची नावं असतील, असं तिला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. प्रत्येक पानावर एका माणसाचं नाव होतं आणि खाली माईंच्या बारीक अक्षरात दोनचार ओळी होत्या. 'यांची गाडी रात्री दीडला येते. कंदील ठेवणे. जेवण झाकून ठेवणे, नको म्हणतील, तरी वाढणे.' 'यांना दात नाहीत. भाकरी दुधात कुस्करून.' 'यांचा मुलगा गेल्या पावसाळ्यात गेला. मुलांची चौकशी करू नये. त्या बोलल्या तर ऐकावं.' एका पानावर लिहिलं होतं, 'यांच्याजवळ परतीचं भाडं नसतं. हातात पैसे देऊ नयेत. शिदोरीच्या फडक्यात बांधावेत.'

मुलगी वाचत गेली. वहीच्या सुरुवातीला गुरुजींचं पान होतं, पार शेवटाकडे अण्णांचं होतं. दोन्ही पानांवर तळाशी एकच ओळ होती आणि तिच्याखाली रेघ मारलेली होती. गुरुजींच्या पानावर होतं, 'अण्णांच्या पंगतीत बसवू नये.' अण्णांच्या पानावर होतं, 'गुरुजींच्या पंगतीत बसवू नये.'

"हे काय, माई?"

माईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि सांगायला सुरुवात केली.

मार्च १९५१ मध्ये विनोबा सेवाग्रामहून पायी निघाले होते. हैदराबादेजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं. खरं तर त्यांना जायचंच नव्हतं. पवनारला ते पैशाविना जगण्याचा प्रयोग करत होते, स्वतः कुदळ घेऊन शेतात राबत होते. फार आग्रह झाला तेव्हा ते म्हणाले, येतो, पण चालत येतो. वाट सुमारे तीनशे मैलांची होती. पहिल्या काही मुक्कामांपर्यंत आसपासच्या गावांतली तरुण पोरं बरोबर गेली. त्यात दोन पोरं एकमेकांना अनोळखी होती. एका वळकटीचं ओझं एका काठीला अडकवून दोघांनी दोन टोकं खांद्यावर घेतली आणि ती चालली. परत आली तेव्हा जिवाभावाची झाली होती. पुढे एक बुनियादी शाळेत कताई शिकवू लागला, ते गुरुजी. दुसरा भूदानाच्या जमिनी मोजत हिंडला, ते अण्णा. जवळजवळ पंचवीस वर्षं दोघे एकमेकांना सोडून जेवले नाहीत.

"मग?"

मग १९७४ आलं. जयप्रकाशांनी बिहारात आंदोलन उभं केलं. सर्व सेवा संघातल्या बहुतेकांना वाटलं, आपण त्यांच्यामागे जावं. काहींना वाटलं, जाऊ नये. विनोबा जावं म्हणाले नाहीत. त्या डिसेंबरच्या २५ तारखेला त्यांनी वर्षाचं मौन घेतलं. पुढच्या जूनमध्ये आणीबाणी लागली, जयप्रकाश तुरुंगात गेले. मौनातल्या विनोबांनी लिहिलेला 'अनुशासनपर्व' हा एक शब्द सरकारने भिंतीभिंतींवर लावला. मौन सुटल्यावर त्यांनी सांगितलं की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. पण तोवर त्या एका शब्दाने किती घरं दुभंगली होती. गुरुजींनी सत्याग्रह केला आणि ते नागपूरच्या तुरुंगात गेले. अण्णा पवनारकडे, विनोबांच्या बाजूने राहिले. जाण्याआधी एका संध्याकाळी दोघांचं बोलणं झालं. ते शेवटचं.

"आता जयप्रकाश नाहीत," माई म्हणाल्या. "विनोबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. ज्यांच्यावरून वाद झाला ते दोघेही गेले. वाद राहिला."

मुलीला हे सहन होईना. आपण गावात जाऊन भावाभावांना एका सतरंजीवर बसवतो आणि आपलीच दोन माणसं एका पंगतीत बसत नाहीत. तिने मनाशी ठरवलं, हे यंदा मिटवायचं.

तिने मन लावून तयारी केली. पत्रं लिहिली, ज्वारी निवडून घेतली, ओसरी शेणाने सारवली. गावातल्या बायकांनी तुरीच्या शेंगा सोलून टोपलीभर सोले आणून दिले. नऊ तारखेला माणसं आली. दीडच्या गाडीने येणाऱ्यासाठी कंदील जळत राहिला. गुरुजींची वळकटी दरवर्षीप्रमाणे ओसरीच्या पश्चिमेच्या दाराशी पडली, अण्णांची पूर्वेच्या दाराशी.

दहा तारखेच्या संध्याकाळी तिने फळ्यावर खडूने विषय लिहिला. मतभेद आणि मैत्री. दोन चटया समोरासमोर टाकल्या आणि गुरुजींना व अण्णांना त्यांवर बसून बोलायची विनंती केली. माईंनी तिच्याकडे पाहिलं, पण त्या काही म्हणाल्या नाहीत.

दोघेही बोलले. आवाज कोणीच चढवला नाही. दोघांनी एकमेकांना 'आपण' म्हटलं, 'माझे आदरणीय सहकारी' म्हटलं. गुरुजी म्हणाले, "समोर अन्याय होत असताना गप्प बसणं याला मी अहिंसा म्हणू शकत नाही." अण्णा म्हणाले, "मनात राग ठेवून केलेला सत्याग्रह हा सत्याग्रह असतो का, हे ज्याने त्याने तपासावं." दोघांचंही बोलणं खरं होतं आणि दोन्ही वाक्यं नेमकी लागायची तिथे लागली. मग ऐकणाऱ्यांतून एक उठला आणि म्हणाला, माझा भाऊ तेव्हा तुरुंगात होता, त्याच्या घरी कोणी फिरकलं नाही. दुसरी म्हणाली, आम्ही मौन पाळलं म्हणून आम्हाला सरकारचे हस्तक म्हणाले, ते कोण म्हणालं ते मला ठाऊक आहे. नऊ वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तासाभरात बाहेर आलं.

त्या रात्री पंगती दोन पडल्या. कोणी पाडल्या नव्हत्या, आपोआप पडल्या. मध्ये हातभर सारवलेली जमीन रिकामी राहिली आणि मुलगी हातात वरणाचं भांडं घेऊन त्या जमिनीवर उभी राहिली. जेवणानंतर नेहमीप्रमाणे पुढच्या वर्षाचं ठरवायचं होतं. त्यांच्यात हात वर करून मोजणी नसे, सगळ्यांची संमती झाली तरच ठरे. एक वयस्कर शेतकरी कार्यकर्ता म्हणाला, "असं असेल तर पुढच्या वर्षी यायचं कशाला?" त्याचा नकार होता, म्हणून ठरलं नाही. माणसं उठली आणि आपापल्या अंथरुणाकडे गेली.

मुलगी चुलीपाशी जाऊन बसली. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला पदर पुरेना. माई भिंतीला धरून हळूहळू तिच्यापाशी आल्या.

"माई, माझं चुकलं."

"चुकलं," माई म्हणाल्या. "माझंही चुकलं. मी नऊ वर्षं त्यांना दोन दारांशी झोपवलं. म्हटलं, जखमेला धक्का नको. तू एका संध्याकाळी फडकं ओढून काढलंस. मी झाकून ठेवली, तू उघडली. धुतली कोणीच नाही."

"मग करायचं काय?"

"ते ठाऊक असतं, तर मी नऊ वर्षं थांबले असते का, पोरी?"

तेवढ्यात गोशाळेचा गडी दारात आला. "ताई, मोटर जळाली वो विहिरीवरची. हौदात थेंब नाई. आता सकाळी वर्ध्याहून माणूस येईन, तवाच काय ते."

सकाळी साठसत्तर माणसांना अंघोळीला पाणी लागणार होतं. मुलीने त्याला झोपायला पाठवलं. ती कंदील घेऊन बसली आणि तिने वही पुन्हा उघडली. का उघडली ते तिलाही सांगता आलं नसतं. या वेळी तिने तळाच्या ओळी सोडून वरच्या ओळी वाचल्या. गुरुजींच्या पानावर होतं, 'रात्री तीनला उठतात. दाराजवळ जागा देणे.' तिने पानं उलटली. अण्णांच्या पानावर होतं, 'रात्री तीनला उठतात. दाराजवळ जागा देणे.' गुरुजींच्या पानावर होतं, 'चहा घेत नाहीत. गरम पाणी आणि गूळ.' अण्णांच्या पानावरही गरम पाणी आणि गूळच होता. विशीत एका आश्रमाच्या घंटेवर लागलेल्या सवयी दोघांनी साठीपर्यंत आणल्या होत्या. पण दोन पानांच्या मध्ये चाळीस माणसं होती, आणि ती पानं शेजारी ठेवून कोणी वाचली नव्हती.

वहीच्या अगदी शेवटी गुंड्यांचा हिशेब होता. अकरा तारखेच्या प्रार्थनेनंतर जो तो आपली गुंडी टोपलीत ठेवी. नाव लावायचं नाही अशी रीत होती. माई नंतर मोजत आणि लिहून ठेवत. १९७६ पासून दरवर्षीच्या आकड्यापुढे दोनच शब्द होते. 'एक जास्त.'

मोजताना चूक झाली असेल, असं मुलीला वाटलं. मग वाटलं, माई आठ वर्षं सारखीच चूक कशी करतील? विचार करता करता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा तीन वाजायला आले होते. तिने घंगाळ उचललं, दोर आणि पोहरा घेतला आणि ती विहिरीवर गेली. थंडी होती. अंधार इतका होता की आधी दोर हाताला लागे आणि मग दिसे. तिने पाच पोहरे ओढले तोवर तळहात सोलवटले. मागून पावलं वाजली. पश्चिमेच्या दारातून गुरुजी आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. बाह्या सारल्या, तिच्या हातातला दोर घेतला आणि ओढायला लागले. थोड्या वेळाने दुसरी पावलं वाजली. पूर्वेच्या दारातून अण्णा आले होते.

दोघे विहिरीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मुलीचा श्वास अडकला. आता एक जण परत जाईल, असं तिला वाटलं. पण घंगाळ भरलं होतं, काठोकाठ, आणि ते न्हाणीपाशी न्यायचं होतं. तिने एका कडीला हात घातला तसा अण्णांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. "तू दोर धर," ते म्हणाले. त्यांनी एक कडी धरली. गुरुजींनी दोर तिच्याकडे दिला आणि दुसरी धरली.

घंगाळ उठलं. दोघे शेजारी शेजारी चालू लागले. पाणी हिंदकळू नये म्हणून त्यांना पावलं जुळवावी लागत होती आणि ती जुळली. तशी ती मार्च १९५१ मध्येही जुळली होती. विहिरीच्या ओट्यावरून उतरताना एक पायरी होती. तिचा कोपरा तुटलेला होता. गुरुजी दिवसा तिथून गेले होते, त्यांना ठाऊक होतं.

"जपून," ते म्हणाले. "पायरी आहे."

चटईवरचं ते बोलणं सोडलं तर नऊ वर्षांनंतरचे ते पहिले शब्द होते. त्यात 'तू' नव्हतं आणि 'आपण'ही नव्हतं.

अण्णा "हं" म्हणाले आणि त्यांनी पाऊल जपून टाकलं.

खेपा खूप झाल्या. मुलगी पोहरे ओढत होती आणि ते दोघे वाहत होते. मध्येच ते बाजू बदलत, डाव्याचा उजवा होई. त्याला बोलावं लागत नव्हतं, एकाने थांबलं की दुसऱ्याला कळत होतं. हौद भरला तेव्हा पूर्व उजळली होती. मुलीने चूल पेटवली, दोन फुलपात्रांत गरम पाणी ओतलं आणि शेजारी गुळाचे दोन खडे ठेवले. दोघे ओट्यावर बसून प्यायले. माणसं उठू लागली. ज्याने पाहिलं तो बघतच राहिला. त्या दिवशी दुपारी पंगतीतली रिकामी जमीन दिसेनाशी झाली. संध्याकाळी पुढच्या वर्षाचं पुन्हा निघालं, तेव्हा आदल्या रात्री नाही म्हणणारा शेतकरी म्हणाला, "मी येतो. पण मोटर आधी दुरुस्त करा." सगळे हसले आणि ठरलं.

इथे गोष्ट क्षणभर थांबवून एक सांगावंसं वाटतं. शिवरामपल्लीच्या त्या संमेलनात कोणकोणते ठराव झाले, हे आज विचारलं तर फार थोड्यांना सांगता येईल. पण संमेलन संपवून विनोबा पुढे निघाले आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत पोचले. तिथल्या भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली आणि गावातलाच एक माणूस उठून शंभर एकर देतो म्हणाला. ते साऱ्या देशाला ठाऊक झालं. भूदान संमेलनाच्या मांडवात जन्मलं नाही. ते चालता चालता वाटेवर भेटलं, पण ज्या वाटेवर भेटलं ती वाट संमेलनामुळे धरली गेली होती. माणसांना एकत्र बोलावणाऱ्याचं काम मला वाटतं एवढंच असतं. विषय लिहावा, चटया टाकाव्यात, ते लागतंच. पण समोरासमोर बसलेल्या माणसांना एकमेकांचं मत दिसतं. एका ओझ्याला दोन बाजूंनी हात लावलेल्या माणसांना एकमेकांचं पाऊल दिसतं. अबोला हीसुद्धा हिंसाच, आणि ती आपल्यासारख्यांना फार जमते, कारण तिच्यात आवाज होत नाही.

बाराच्या पहाटे सगळे चालत निघाले. नदीवर पोचले तेव्हा धुकं होतं. पाणी संथ होतं, खडकांवरून पातळ वाहत होतं. मेळ्याला गावोगावची माणसं जमत होती. माईंना बैलगाडीतून आणलं होतं. गुंड्यांची टोपली त्यांच्या मांडीवर होती. रात्री दमल्यामुळे मोजायचं राहून गेलं होतं.

"गुरुजी, मोजायला बसता का?" मुलीने विचारलं.

गुरुजी बसले. त्यांनी आयुष्यभर पोरांचं सूत तपासलं होतं. गुंडी हातात आली की ती दोन बोटांत धरून त्यावरून अंगठा फिरवायची त्यांना सवय होती. तसा अंगठा फिरवत ते मोजत गेले. हे नव्या हाताचं आहे, जाडबारीक आहे. हे चांगलं आहे, एकसारखं आहे. एका गुंडीवर त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी ती बाजूला ठेवली. आणखी काही मोजल्या आणि पुन्हा अंगठा थांबला. त्यांनी पहिली उचलून दुसरीच्या शेजारी धरली आणि उजेडाकडे वळवली.

"या दोन एका हाताच्या आहेत," ते म्हणाले.

कोणी बोललं नाही. गुरुजींनी मान वर केली आणि अण्णांकडे पाहिलं.

"पीळ जास्त आहे," ते म्हणाले. "तुझा पीळ कायम जास्त पडतो. किती वेळा सांगितलं तुला, चाती इतकी फिरवू नकोस."

'तुझा' हा शब्द मुलीने ऐकला. माईंनीही ऐकला. त्यांनी टोपलीचा काठ घट्ट धरला.

अण्णा पाण्याकडे बघत उभे होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "शहात्तर साली एक कमी पडणार होती. तू आत होतास. म्हणून तुझी मी कातली." थोडं थांबून ते म्हणाले, "मग तू सुटून आलास. पण कातायचं थांबवू कसं, ते मला कळेना."

गुरुजींनी दोन्ही गुंड्या मांडीवर ठेवल्या. त्यांचे हात त्यांच्यावर तसेच राहिले. मग ते उठले, एक गुंडी त्यांनी अण्णांच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली, आणि दोघे इतरांमागे रांगेत जाऊन उभे राहिले.

दुपारी मेळा पांगला. माणसं आपापल्या गाड्यांकडे निघाली. मुलीने शिदोऱ्या बांधल्या. ज्यांच्या फडक्यात भाडं बांधायचं होतं त्यांच्या फडक्यात बांधलं. संध्याकाळी गोशाळेची ओसरी रिकामी झाली. एका कोपऱ्यात घंगाळ पालथं घालून ठेवलेलं होतं, त्याच्या कड्यांवर पितळ ताजं झिजल्यासारखं चमकत होतं. ती भिंतीला टेकून बसली आणि तिने वही उघडली.

गुंड्यांच्या हिशेबात तिने त्या वर्षीचा आकडा लिहिला. त्याच्यापुढे माईंच्या सवयीने 'एक जास्त' असं लिहायला लेखणी टेकवली आणि उचलली. ती जागा तिने तशीच कोरी सोडली.

मग तिने गुरुजींचं पान काढलं आणि तळाची ओळ खोडली. अण्णांचं पान काढलं आणि तिथलीही खोडली. माई जवळच पडून होत्या, त्यांचे डोळे मिटलेले होते.

"काय लिहितेस गं?"

"पुढच्या वर्षीचं, माई."

दोन्ही पानांवर तिने एकच ओळ लिहिली. 'पूर्वेच्या दाराशी, दोघांचं अंथरूण शेजारी घालणे. रात्री तीनला उठतील. दोन फुलपात्रं गरम पाणी आणि गूळ काढून ठेवणे.'